फेअरफर्डच्या खिडक्या: पाऊस अडवणारी चित्रं

उजेडवाट

इंग्लंडात मध्ययुगीन स्टेन्ड ग्लास, म्हणजे खिडक्यांतली रंगीत चित्रकाच, बघायची म्हटलं की लोक यॉर्क किंवा कँटरबरी गाठतात. मोठी कॅथेड्रलं, मोठी नावं. ती बघावीतच. मला मात्र एका छोट्या गावाच्या चर्चबद्दल लिहायचं आहे. ग्लॉस्टरशरमध्ये कॉल्न नदीच्या काठी फेअरफर्ड नावाचं गाव आहे. तिथल्या सेंट मेरी या पॅरिश (गावच्या लोकांच्या) चर्चला २८ खिडक्या आहेत आणि त्यांतली काच साधारण १५०० ते १५१७ या काळातली आहे. मध्ययुगीन काचेचा इतका पूर्ण संच इंग्लंडातल्या दुसऱ्या कुठल्याही पॅरिश चर्चमध्ये उरलेला नाही.

यामागचा पैसा लोकरीचा. कॉट्सवोल्डच्या मेंढ्यांच्या लोकरीला तेव्हा युरोपभर मागणी होती. त्या व्यापारात गब्बर झालेल्या जॉन टेमने जुनं चर्च जवळजवळ पाडून नव्याने बांधायला घेतलं. १५०० मध्ये तो वारला आणि काम मुलाने, एडमंडने पुरं केलं. काचेची शैली पाहून अभ्यासक बर्नार्ड फ्लॉवरच्या कारखान्याचं नाव घेतात. हा राजा सातव्या हेन्रीचा आणि पुढे आठव्या हेन्रीचा काचकार. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलच्या खिडक्यांची सुरुवातही त्यानेच केली, १५१७ मध्ये तो गेला. म्हणजे गावच्या चर्चला लागलेले हात थेट दरबारातले होते.

आत शिरलं की गोष्ट उत्तरेकडच्या भिंतीवर सुरू होते. पहिल्या खिडकीत फळाशी हव्वा, जळत्या झुडपापुढे मोशे, गिदोन आणि त्याची लोकर, शलमोनाच्या भेटीला आलेली शबाची राणी. मग मरियेचा जन्म आणि विवाह, येशूचा जन्म. पूर्वेला वेदीच्या वरच्या मोठ्या खिडकीत खाली येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग आणि वर क्रूस. तिथून दक्षिणेला वळलं की पुनरुत्थान, अम्माऊसचं जेवण, थोमाची शंका, स्वर्गारोहण. पुढे पश्चिमेकडे सरकताना दक्षिण भिंतीवर बारा प्रेषित उभे आहेत आणि त्यांच्या बरोब्बर समोर, उत्तर भिंतीवर, बारा संदेष्टे. वरच्या ओळीतल्या खिडक्यांत उत्तरेला चर्चचा छळ करणारे आणि त्यांच्या डोक्यावर सैतानाची पिल्लावळ, तर दक्षिणेला हुतात्मे आणि त्यांच्यावर देवदूत. उन्हाची बाजू कुणाला द्यायची हे ठरवून दिलेलं आहे.

शेवटी पश्चिमेची भव्य खिडकी, शेवटच्या न्यायाची. खाली मधोमध तराजू घेतलेला संत मीखाएल. आपल्या डाव्या हाताला तारलेले जीव सोनेरी जिन्याने वर चाललेत, उजव्या हाताला नरक. तिथल्या लाल काचेवरून नजर हलत नाही. अगदी कोपऱ्यात माशासारख्या तोंडाचा, दात विचकणारा सैतान बसलाय.

या खिडक्या चित्र म्हणून बघण्याआधी खिडक्या म्हणून बघाव्यात, असं मला फार वाटतं. भिंतीतल्या भोकातून येणारा पाऊस-वारा अडवणं हे त्यांचं पहिलं काम. पाचशे वर्षं त्या टिकल्या त्याही या कामामुळे आणि झिजल्या त्याही या कामामुळेच. तुमच्यापैकी कुणी पाहिल्या असतील, किंवा काचेचं काम करत असाल, तर जरूर लिहा.

सांजवेळ

सुंदर धागा. पहिल्या खिडकीबद्दल थोडी भर घालते, कारण बायबलचा जुना करार ठाऊक नसेल तर ती चार चित्रं सुटी सुटी वाटतात. ती चारही मरियेकडे बोट दाखवतात. हव्वेमुळे जे बिघडलं ते मरियेच्या पोटी आलेल्याने सावरलं. झुडूप जळतं पण भस्म होत नाही, तशी ती माता होऊनही कुमारी. गिदोनाची गोष्ट शास्ते या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे: खळ्यात रात्रभर लोकर ठेवली, सकाळी लोकर दवाने चिंब आणि भोवतीची जमीन कोरडी. आणि शबाची राणी भेटी घेऊन शलमोनाकडे आली, तसे पुढे मागी लोक (पूर्वेकडचे ज्ञानी) बाळ येशूकडे येणार. लोकरीच्या पैशाने उभारलेल्या चर्चमध्ये गोष्टीच्या सुरुवातीलाच लोकर यावी, याचा त्या व्यापारी कुटुंबाला नक्की आनंद झाला असणार.

प्रेषितांच्या हातातल्या पट्ट्यांवर विश्वासांगीकाराचं, म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेच्या ठरलेल्या कबुलीचं, एकेक वाक्य आहे, लॅटिनमध्ये. बारा प्रेषित, बारा वाक्यं. समोरच्या संदेष्ट्यांच्या पट्ट्यांवर त्याच गोष्टीची भाकितं. मधून चालत जाणारा माणूस भाकीत आणि विश्वास या दोन ओळींमधून चालतो. लहानपणापासून तोंडपाठ असलेला विश्वासांगीकार असा दोन्ही बाजूंनी उभा राहिलेला बघणं म्हणजे काय, हे मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

शेवटच्या न्यायाच्या दोन बाजूंच्या खिडक्याही चुकवू नका. एकीत दावीद न्याय करतोय, दुसरीत शलमोन, ती दोन आयांची गोष्ट. माणसांचे न्याय बाजूला आणि देवाचा मधोमध.

रानवाट

वाचूनच जावंसं वाटतंय. पण एक कळत नाही. धर्मसुधारणेच्या काळात इंग्लंडात मूर्ती, चित्रं, काचा सगळं फोडलं ना? मग ही एवढी काच वाचली कशी?

उजेडवाट

रानवाट, मला म्हणायचं होतं ते इथेच येतं. सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत, १५४७ मध्ये, चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं नष्ट करण्याचे हुकूम निघाले आणि त्यांत काचेच्या खिडक्याही होत्या. मूर्ती हलवली की कोनाडा रिकामा राहतो, कुणाचं काही अडत नाही. खिडकी फोडली तर मात्र पाऊस थेट आत. विल्यम हॅरिसनने १५७७ मध्ये छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात हे स्वच्छ लिहून ठेवलंय: चर्चमधली सगळी चित्रं काढली, फक्त काचेतल्या कथा राहिल्या, कारण देशभर साधी काच बसवायला तेवढा मालही नाही आणि खर्चही अफाट येईल. हळूहळू बदलू, असा त्याचा सूर आहे. म्हणजे पुष्कळ ठिकाणी काच वाचली ती कुणाच्या भक्तीमुळे किंवा रसिकतेमुळे नाही, तर ती पाऊस अडवत होती म्हणून.

पुढे सतराव्या शतकात, राजा आणि संसद यांच्यातल्या यादवी युद्धात पुन्हा फोडाफोड झाली. विल्यम डाऊसिंग नावाच्या माणसाला पूर्वेकडच्या परगण्यांत हे काम नेमून दिलं होतं आणि त्याने रोजनिशी ठेवली. जानेवारी १६४४ मध्ये सफोकमधल्या क्लेअर गावाची नोंद आहे: एक हजार अंधश्रद्ध चित्रं फोडली. एका गावात हजार! त्याचा वावर मुख्यतः सफोक आणि केंब्रिजशरमध्ये होता, ग्लॉस्टरशर त्याच्या वाटेवर नव्हतं. फेअरफर्डला एक आख्यायिका सांगतात की त्या काळात काचा काढून लपवल्या होत्या. आख्यायिका म्हणून ऐकावी. दुसऱ्या महायुद्धात मात्र काचा खरोखरच उतरवून सुरक्षित ठेवल्या होत्या.

भट्टीवाला

काच भाजायचं काम करतो म्हणून लिहितोय. चित्र काढून मग रंग भरलाय असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. रंग काचेच्या अंगात असतो, वितळलेल्या काचेत धातूची संयुगं घालून आणलेला. निळ्याला कोबाल्ट, हिरव्याला आणि लालला तांबं. लालची गंमत अशी की पूर्ण जाडीची लाल काच इतकी गडद होते की जवळजवळ काळी दिसते. म्हणून साध्या काचेवर लालचा पातळ थर चढवतात. मग तो थर जागोजाग घासून काढला की लाल कापडावर पांढरी नक्षी मिळते, नवा तुकडा जोडावा लागत नाही.

ब्रशने जे काढतात ते फक्त काळं-तपकिरी: चेहऱ्याच्या रेषा, घड्या, सावल्या. धातूची भुकटी आणि बारीक कुटलेली काच यांचा तो लेप. साधारण ६०० ते ६५० अंशांवर भाजला की काचेला कायमचा धरतो, कमी भाजला तर शंभर वर्षांत पापुद्रे सुटतात.

पिवळा मात्र वेगळाच. चांदीचं संयुग मातीत कालवून काचेच्या मागच्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला लावायचं आणि भाजायचं. चांदी काचेत शिरते, माती झटकून टाकायची. फिकट लिंबापासून गडद नारिंगीपर्यंत छटा मिळतात. इंग्लंडात ही युक्ती चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला आली आणि काम सोपं झालं, कारण पांढऱ्या काचेच्या एकाच तुकड्यावर चेहरा, केस आणि मुकुट बसायला लागले. फेअरफर्डच्या खिडक्यांत चांदीचा पिवळा भरपूर आहे. ते सोनेरी जिने त्यातलेच.

नंतर शिसं. आडव्या छेदात इंग्रजी एच अक्षरासारखी दिसणारी शिशाची पट्टी, दोन्ही खाचांत काच, सांध्यांना धातूचा डाग (जोड) आणि फटीत जवसाच्या तेलाचं पुट्टी. तयार झालेले भाग तांब्याच्या तारांनी लोखंडी आडव्या सळ्यांना बांधायचे. शिसं शंभर-दीडशे वर्षांत थकतं, बाक येतो, मग उतरवून नव्याने भरावं लागतं. प्रत्येक वेळी एखाददुसरा तुकडा फुटतो. पाचशे वर्षं जुनी खिडकी म्हणजे काच पाचशे वर्षांची, शिसं तेवढं जुनं क्वचितच.

रानवाट

भट्टीवाला, जुन्या काचा खाली जाड असतात कारण काच फार सावकाश ओघळते, असं शाळेत ऐकलं होतं. खरं आहे का?

भट्टीवाला

नाही. नेहमीच्या तापमानाला काच ओघळत नाही. जुन्या पद्धतीत फुंकून केलेली काच मुळातच कमीजास्त जाडीची व्हायची आणि बसवणारा तिचा जाड भाग कधी खाली ठेवी, कधी नाही. जाड बाजू वर असलेल्या काचाही सापडतात.

जुन्या काचेचा खरा शत्रू पाणी. तेव्हाची काच वाळू आणि लाकडाची राख, बहुतेक बीचच्या झाडाची, एकत्र वितळवून करत. राखेतलं पोटॅश जास्त, त्यामुळे काच कच्ची. पाणी लागलं की पोटॅश विरघळून बाहेर येतं, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात, खड्डे एकमेकांत मिसळतात आणि वर पांढरट खपली धरते. बाहेरून पाऊस. आतून तर त्याहून वाईट, थंड काचेवर माणसांच्या श्वासाचं पाणी धरतं आणि रंगवलेल्या रेषा त्याच बाजूला असतात. आजकालची सोड्याची काच यापेक्षा कितीतरी चिवट आहे.

जुनाजाणता

उजेडवाट, पश्चिमेच्या खिडकीबद्दल तुम्ही एक गोष्ट सांगितली नाहीत. तिचा वरचा अर्धा भाग मध्ययुगीन नाही. १७०३ च्या नोव्हेंबरात दक्षिण इंग्लंडवर जे महावादळ आलं त्यात ती खिडकी मोडली. लेखक डॅनियल डिफोने त्या वादळाबद्दल पत्रं मागवून छापली, त्यांत फेअरफर्डच्या व्हिकरचं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूचं, पत्र आहे. खिडकी पंधरा फूट रुंद, पंचवीस फूट उंच. इंद्रधनुष्यावर बसलेल्या ख्रिस्ताच्या वरचा भाग पार गेला, दोन्ही बाजू खिळखिळ्या झाल्या, एकंदर चौथा हिस्सा तरी नष्ट, असा त्याचा हिशोब.

पुढे १८६० च्या दशकात स्मेथविकच्या चान्स ब्रदर्सनी वरचा भाग 'दुरुस्त' केला. १८५१ च्या क्रिस्टल पॅलेसची काच पुरवली ती हीच कंपनी. त्यांनी जुनी काच परत बसवलीच नाही, तिची नक्कल करून नवी बसवली. खालचा भाग आणि वरचा भाग एकापाठोपाठ एक बघा. वरच्यात रेषा स्वच्छ आहेत, रंग सारखे आहेत आणि जीव नाही. माझं मत विचाराल तर वादळाने गेलं ते गेलं. तिथे साधी काच बसवून मोकळं व्हायला हवं होतं.

सांजवेळ

जुनाजाणता, मी सहमत नाही. शेवटच्या न्यायाच्या चित्रातून न्यायाधीशच काढला तर उरतं काय? खाली तराजू, जिने, नरक आणि वर कोरी काच? ज्यांच्यासाठी ती खिडकी केली ते तिच्याखाली प्रार्थनेला बसतात. चर्च म्हणजे संग्रहालय नव्हे. त्या काळच्या लोकांना चित्र पुरं हवं होतं, तर त्यांनी ते पुरं केलं. हात कमी पडला असेल, इच्छा चुकीची नव्हती.

जुनाजाणता

इच्छेबद्दल तक्रार नाही. पण वरच्या भागातली वादळातून वाचलेली काचही त्यांनी बाजूला केली. नवं सगळं एकसारखं दिसावं म्हणून खरं फेकून खोटं बसवलं. हे दुःख विसरता येत नाही.

उजेडवाट

दोघांचंही वाचलं. मला वाटतं खरा मुद्दा भरावं की भरू नये हा नाही, मूळ तुकड्याचं काय करायचं हा आहे. न्यायाधीश हवा, हे सांजवेळताईंचं म्हणणं मला पटतं, कारण त्या खिडकीची सगळी मांडणी त्याच्याभोवती फिरते. पण मूळ काचेचा नखाएवढा तुकडा असला तरी तो जागेवर राहिला पाहिजे आणि नवं काय आहे ते नोंदवलेलं पाहिजे. आजची शिस्त हीच आहे. कॉर्पस व्हिट्रेआरुम ही मध्ययुगीन काचेची नोंद ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था १९५२ पासून काम करते. जतनाबद्दल तिचे नियम आहेत: कमीत कमी हात लावा, केलेलं पुन्हा उलटवता आलं पाहिजे आणि प्रत्येक गोष्टीची लेखी नोंद ठेवा. चान्स ब्रदर्सच्या काळात यातलं काहीच नव्हतं. त्यांची काचही आता दीडशे वर्षांहून जुनी झाली आहे आणि ती काढून टाका असं आज कुणी जबाबदार माणूस म्हणणार नाही.

आणि वादळाने मोडली तीही खिडकी म्हणूनच, हे लक्षात घ्या. पश्चिमेचा वारा थेट अंगावर घेणारी तीच सगळ्यात मोठी होती.

भट्टीवाला

यालाच जोडून. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून फेअरफर्डच्या काचांचं टप्प्याटप्प्याने जतन झालं, यॉर्कच्या कीथ बार्ली यांच्या कार्यशाळेने केलं. त्यांनी जी पद्धत वापरली ती प्रत्येकाने बघावी. दगडातल्या मूळ खाचेत आधुनिक काच बसवायची. जुनी काच काशाच्या चौकटीत घालून काही सेंटीमीटर आत टांगायची. वर आणि खाली फट ठेवायची, म्हणजे चर्चमधली हवा जुन्या काचेच्या दोन्ही अंगांनी फिरते. दोन्ही बाजूंचं तापमान सारखं, त्यामुळे जुन्या काचेवर पाणी धरत नाही. दव धरलंच तर बाहेरच्या नव्या काचेवर धरतं आणि तिथून निथळतं. रसायन नाही, लेप नाही, फक्त हवा. माझ्या मते गेल्या शंभर वर्षांत जुन्या काचेसाठी याहून मोठं काम झालेलं नाही.

जुनाजाणता

मान्य, पण त्याची किंमतही सांगा. बाहेरून आता चकचकीत सपाट काच दिसते. शिशाच्या रेषांची जाळी, काचेचं उंचसखल अंग, त्यावर तुटणारं ऊन, हे बाहेरून दिसायचं ते गेलं. इमारतीचा चेहराच बदलतो. काही ठिकाणी बाहेरच्या काचेलाही शिशाच्या मुख्य रेषा देतात, त्याने थोडं बरं दिसतं.

उजेडवाट

ही किंमत मी आनंदाने देईन. पाचशे वर्षं जे काम त्या काचेने केलं ते आता दुसऱ्या काचेने घेतलं आहे. पहिल्यांदाच ती फक्त चित्र म्हणून जगते आहे, आणि ते तिला मिळायलाच हवं होतं. बाहेरून दिसणाऱ्या रेषांची हळहळ मलाही आहे. पण गिदोनाचा चेहरा पुसला गेल्यावर तो परत कुठून आणणार? बाहेरची काच उद्या बदलता येईल.

दर्यावर्दी

पॅरिश चर्चच्या काचांचा विषय निघालाय तर कॉर्नवॉलमधलं सेंट नीओट राहू देऊ नका. फेअरफर्डला एक श्रीमंत घराणं होतं, इथे गावाने वर्गणी काढली. तीही गटागटाने! एक खिडकी १५२३ मध्ये गावातल्या बायकांनी दिली, एक १५२८ मध्ये तरुण मुलग्यांनी, एक १५२९ मध्ये मुलींनी. खिडक्यांवर तसं लॅटिनमध्ये लिहिलेलं आहे. बायकांच्या खिडकीत खालच्या पट्टीत देणाऱ्या बायका गुडघे टेकून ओळीने बसलेल्या दिसतात. एकोणिसाव्या शतकात हेजलंड नावाच्या माणसाने भरपूर दुरुस्ती केली, त्यामुळे जुनं-नवं निवडत बघावं लागतं. पण नाव-गाव न ठेवता गेलेल्या त्या बायका तिथे आहेत, आणि राजाच्या काचकाराच्या कामाइतकंच मला ते मोलाचं वाटतं.

यॉर्कला गेलात तर मिन्स्टरनंतर (तिथल्या कॅथेड्रलनंतर) पायी दहा-पंधरा मिनिटांवर नॉर्थ स्ट्रीटचं ऑल सेंट्स आहे. तिथे १४१० च्या सुमाराची एक खिडकी जगाचे शेवटचे पंधरा दिवस दाखवते. समुद्र चढतो, मग उतरतो, मासे वर येऊन आक्रोश करतात, समुद्र पेटतो, आणि प्रत्येक चौकटीखाली त्या काळच्या उत्तरेकडच्या इंग्रजीतल्या ओळी. लॅटिन नाही, लोकांची बोली. ती खालून वर वाचायची. त्याच चर्चमध्ये देवदूतांच्या खिडकीत घोळक्यातला एक माणूस चष्मा लावून आहे. पंधराव्या शतकातला चष्मा! तो शोधून काढाच.

सांजवेळ

दर्यावर्दी, बायकांची खिडकी वाचून फार बरं वाटलं. त्याच चर्चमध्ये दयेच्या कृत्यांची खिडकी आहे ना? भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा?

दर्यावर्दी

हो, ऑल सेंट्समध्येच. सहा चौकटी आणि सगळ्यांत तोच एक दाढीवाला सद्गृहस्थ. तुरुंगाची चौकट बघा, कैद्यांचे पाय खोड्यात अडकवलेले आहेत.

रानवाट

नव्या काळात कुणी पॅरिश चर्चसाठी असं काम केलंय का? की सगळं मध्ययुगातच संपलं?

सांजवेळ

केंटमधलं ट्यूडली. अगदी लहान चर्च. १९६३ मध्ये एक तरुण मुलगी, सेरा, नौका उलटून बुडाली. तिच्या आईवडिलांनी चित्रकार मार्क शगालला पूर्वेच्या खिडकीचं काम दिलं. १९६७ मध्ये खिडकी बसली तेव्हा शगाल स्वतः आला, चर्च बघितलं आणि म्हणाला की सगळ्याच खिडक्या मी करतो. केल्याही, एकूण बारा, १९८५ पर्यंत, म्हणजे तो वारला त्या वर्षापर्यंत. काच आणि भाजणीचं काम फ्रान्समधल्या रेम्सच्या शार्ल मार्कचं. पूर्वेची खिडकी निळी आहे. खाली लाटांत ती मुलगी आणि वर क्रूस. शगाल ज्यू होता, मुलीचे वडीलही ज्यू. चर्च गावाचं, मुलगी गावाची, म्हणून ती खिडकी तिथे आहे.

उजेडवाट

ट्यूडलीबद्दल वेगळा धागा काढा, सांजवेळताई, नक्की काढा.

जाणार असलेल्यांसाठी थोडं. दुर्बीण घ्याच, साधी चालेल. फेअरफर्डच्या वरच्या ओळीतले छळ करणारे आणि त्यांच्या डोक्यावरचे सैतान नुसत्या डोळ्यांनी अर्धेच दिसतात. सकाळी पूर्वेच्या खिडक्या आधी बघा आणि पश्चिमेची दुपार कलल्यावर. ढगाळ दिवस वाईट नाही, उलट उत्तरेकडचे बारकावे आणि चेहऱ्यावरच्या रेषा ढगाळ उजेडात जास्त स्पष्ट दिसतात, कडक उन्हात रंग एकमेकांवर सांडतात. प्रार्थनासभेच्या वेळा आधी बघून जा आणि आत कुणी प्रार्थना करत असेल तर पश्चिमेकडून सुरुवात करा. कॉर्पस व्हिट्रेआरुमच्या ब्रिटिश शाखेचा छायाचित्रसंग्रह जालावर मोफत आहे. जाण्याआधी तो चाळला तर कुठल्या खिडकीत मूळ काच किती आणि भर किती याचा अंदाज येतो.

दर्यावर्दी, सेंट नीओटच्या बायकांच्या खिडकीचे तुम्ही काढलेले फोटो असतील तर इथे टाका. खालच्या पट्टीतल्या चेहऱ्यांचे जवळून काढलेले असले तर फारच उत्तम.